यूइस्टला नव्याने आलात? केइली, राफल, रविवार आणि बाकीची करमणूक: सुरुवात कशी करायची

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या यूइस्ट बेटांवर बेनबेक्युलाच्या हॉस्पिटलात रुजू होणारे, शाळेत शिकवायला येणारे आणि जोडीदाराच्या नोकरीमागे इथे येऊन पडलेले (मी या तिसऱ्या गटातली) अशा सगळ्यांना पहिल्या महिन्यात एकच प्रश्न पडतो: इथे लोक संध्याकाळी करतात तरी काय? मॉल नाही, थिएटर नाही, बाहेर जेवायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. नकाशा उघडावा तर पश्चिमेला सरळ कॅनडा.

करमणूक भरपूर आहे, पण ती विकत मिळत नाही. कुणीतरी हॉल उघडतं, कुणीतरी खुर्च्या मांडतं, कुणीतरी अकॉर्डियन घेऊन येतं. या मंडळींत तुम्ही किती लवकर शिरता त्यावर पहिला हिवाळा कसा जाणार ते ठरतं. बोलावणं येईल म्हणून घरी बसाल तर बसूनच राहाल. इथली माणसं प्रेमळ आहेत, पण भिडस्तही आहेत.

हा लेख मुख्यतः नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट आणि एरिस्के या चार बेटांबद्दल आहे. साउथ यूइस्ट आणि बेनबेक्युला यांना जोडणारा पूल १९४२ मध्ये झाला, उत्तरेचा कॉजवे (समुद्रात भराव घालून केलेला रस्ता) १९६० मध्ये आणि एरिस्केचा २००१ मध्ये. त्यामुळे ही बेटं एकाच लांबलचक गावासारखी वापरता येतात. दक्षिणेला बॅरा आणि उत्तरेला हॅरिस-लुईस इथे मात्र बोटीने किंवा विमानानेच जावं लागतं. सगळ्या पश्चिमी बेटांची मिळून लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत जेमतेम २६ हजार भरली, आणि त्यातले बहुतेक लोक लुईसमध्ये राहतात.

१. आधी वर्षाचं आणि आठवड्याचं गणित समजून घ्या

इथलं वर्ष उजेडावर चालतं. डिसेंबरात सकाळी नऊ वाजून गेल्यावर उजाडतं आणि दुपारी पावणेचारलाच अंधारून येतं. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतरही मिट्ट काळोख होत नाही. म्हणून फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्यात असतो. हिवाळ्यातल्या वाऱ्यात चेंडू मैदानात राहत नाही. पत्ते, क्विझ, गायनाचे सराव आणि भाषेचे वर्ग ऑक्टोबर ते मार्च. जुलैत येणाऱ्याला वाटतं की इथे रोजच जत्रा असते, आणि नोव्हेंबरात येणाऱ्याला वाटतं की बेट ओस पडलंय. दोघांनीही सहा महिने कळ काढावी.

आता रविवार. नॉर्थ यूइस्ट प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) आहे, साउथ यूइस्ट आणि एरिस्के कॅथलिक, बेनबेक्युला मिश्र. अर्ध्या तासाच्या ड्राइव्हमध्ये रविवार बदलतो. दक्षिणेत सकाळची प्रार्थना आटोपली की बाकीचा दिवस मोकळा. उत्तरेकडे त्या दिवशी कार्यक्रम ठेवत नाहीत, शनिवारचा नाच मध्यरात्रीच्या आत आवरतात आणि मोठा कार्यक्रम शक्यतो शुक्रवारी घेतात. लुईसमध्ये हे आणखी कडक. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट २००९ मध्ये सुरू झाली, तीही बराच वाद होऊन. तिथलं टेस्को सुपरमार्केट रविवारी उघडायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला.

उत्तरेत घर घेतलं असेल तर रविवारी अंगणात कपडे वाळत घालू नका आणि गवत कापायचं मशीन चालवू नका. कुणी तोंडावर बोलणार नाही. पण लक्षात मात्र ठेवतील. दूध, ब्रेड आणि पेट्रोल यांची सोय शनिवारीच लावा.

२. बातमी कुठे लागते ते शोधा

सगळे कार्यक्रम एकत्र दाखवणारं ॲप वगैरे इथे नाही. बातम्या चार ठिकाणी मिळतात:

- को-ऑप दुकानाच्या दाराजवळचा फलक. रोज बघा. निम्म्या जाहिराती हाताने लिहिलेल्या असतात आणि त्यांवर नुसतं ‘हॉलमध्ये, शुक्रवारी, ८’ एवढंच असतं. कुठला हॉल ते काउंटरवर विचारा. पहिली ओळख तिथेच होते.
- ‘अम पाइपर’ हे यूइस्टचं स्थानिक मासिक वृत्तपत्र. कार्यक्रम, गावसभा, विकाऊ मेंढ्या, सगळं त्यात.
- गावोगावच्या हॉलांची फेसबुक पानं. वाऱ्यामुळे कार्यक्रम रद्द झाल्याचं आधी इथेच कळतं.
- शेजारी. हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. काही कार्यक्रमांची जाहिरात होतच नाही, कारण ‘सगळ्यांना माहीतच आहे’.

तीन ठिकाणं पहिल्या पंधरवड्यात बघून ठेवा. लॉखमॅडीचं ताय केरसावाग: संग्रहालय, कलादालन आणि कॅफे एकाच छताखाली. लिनिक्लेटची शाळा: १९८८ मध्ये बांधली तेव्हाच वाचनालय, पोहण्याचा तलाव आणि छोटं संग्रहालय गावासाठी खुलं ठेवलं, पावसाळी शनिवारी मुलांना घेऊन जायला याहून चांगली जागा नाही. आणि डॅलिबर्गचं क्रोख सोलियर: संगीत, नाच आणि गॅलिक (इथली मूळ भाषा) यांचं केंद्र, २०२२ मध्ये उघडलेलं. ही नावं पाटीवर वाचाल तशी उच्चारत नाहीत, तेव्हा एकदा कुणाकडून तरी ऐकून घ्या.

३. गाडी आणि कागदपत्रं

गाडीशिवाय इथली संध्याकाळ नाही. बस आहे, पण ती कामावर जाणाऱ्यांच्या आणि शाळेच्या वेळा सांभाळते. रात्री अकराला हॉलमधून घरी आणणार नाही.

जवळ काय असावं:

- ड्रायव्हिंग लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर ब्रिटिश लायसन्स लागतं. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो. बारावा महिना उजाडेपर्यंत थांबू नका.
- ब्रिटिश प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स. आल्याआल्या काढा. बारमध्ये पंचविशीच्या आतल्या दिसणाऱ्या कुणालाही ओळखपत्र मागतात, आणि आपली तिशीतली माणसंही इथे विशीतली दिसतात. त्यासाठी पासपोर्ट खिशात घालून नाचायला जाऊ नका.
- पत्त्याचा पुरावा. विमानभाड्याच्या सवलत योजनेत नाव घालायला लागतो. बेटांवर कायम राहणाऱ्यांना मूळ भाड्यात ५० टक्के सूट मिळते, फक्त ती नोकरीच्या कामाच्या प्रवासाला लागू नाही. ग्लासगोला मैफिलीसाठी किंवा भाजणी-पोह्यांच्या खरेदीसाठी जायचं असेल तर ही सूट मोठा आधार आहे.
- पीव्हीजी सदस्यत्व, म्हणजे मुलांबरोबर किंवा वृद्धांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणारी सरकारी योजना. मुलांना नाच शिकवणं, फुटबॉलला मदत करणं, वृद्धांच्या गटात नियमित काम करणं असं काही करणार असाल तर लागेल. १ एप्रिल २०२५ पासून अशा भूमिकांसाठी स्कॉटलंडमध्ये ते कायद्याने सक्तीचं आहे. अर्ज संस्थेमार्फत होतो. भारतात आणि इथे कुठे कुठे राहिलात ते पत्ते तारखांसकट लिहून ठेवा, नाहीतर अर्ज भरताना घामाघूम व्हाल.

रस्ते एकपदरी आहेत. समोरून गाडी आली की जवळच्या रुंद जागेत डावीकडे घ्यायचं. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, तिथे घुसायचं नाही. मागची गाडी घाईत दिसली तर तिलाही जाऊ द्या. आणि प्रत्येक गाडीला हात करायचा. स्टिअरिंगवरून एक बोट उचललं तरी पुरतं. हे विसरलात तर ‘ती निळ्या गाडीतली’ म्हणून आठवडाभरात नाव होईल. रात्री दिवे नसलेल्या रस्त्यावर मेंढ्या डांबराची ऊब घेत पडलेल्या असतात, काळ्या गाई त्याहून दिसत नाहीत, आणि कॉजवेवर पाणमांजरं आडवी जातात. तशा पाट्याही लावल्या आहेत.

दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कमी आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. एका मोठ्या ग्लासातही ती ओलांडू शकते. चारजण जाणार असाल तर गाडी कोण आणणार ते घरून निघतानाच ठरवा.

४. पहिल्या केइलीला जा, आणि नाचा

केइली म्हणजे गाण्याबजावण्याची आणि नाचाची संध्याकाळ. तिचे दोन प्रकार भेटतील. एकात लोक बसून ऐकतात: एकजण गॅलिक गाणं म्हणतो, दुसरा फिडल (व्हायोलिन) वाजवतो, तिसरा गोष्ट सांगतो. दुसऱ्यात सगळे नाचतात. जाहिरातीवर ‘डान्स’ शब्द असेल तर तो दुसरा. नवख्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी, कारण तिथे भाषेची अडचण येत नाही.

हॉलमध्ये शिरल्यावर दाराशी टेबल, त्यावर पत्र्याचा डबा आणि राफलच्या (बक्षिसांच्या सोडतीच्या) तिकिटांचं पुस्तक. सुटे पैसे न्या. कार्डाचं यंत्र असलं तरी सिग्नलची खात्री नसते. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. पहिला अर्धा तास सगळे त्या भिंतींना चिकटून बसतात, पुरुष तर दाराजवळच घोळका करून उभे. हे बघून आपण चुकीच्या ठिकाणी आलोय असं वाटेल. बसून राहा. व्यासपीठावर अकॉर्डियन, फिडल, कीबोर्ड आणि ड्रम लागतात, सूत्रसंचालक (त्याला फेर-अन-ताय म्हणतात) माइकवर पहिल्या नाचाचं नाव पुकारतो, आणि दोन मिनिटांत मधली जमीन भरून जाते.

सुरुवातीला सोपे नाच ओळखून ठेवा. गे गॉर्डन्स आणि कॅनेडियन बार्न डान्स जोडीने गोलात चालत करायचे. पुढच्या जोडीकडे बघत गेलात तरी जमतं. सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झ आणखी संथ. डॅशिंग व्हाइट सार्जंट तिघा-तिघांच्या ओळीत असतो, म्हणून एकट्याने आलेल्याला सगळ्यांत सोयीचा. कुणीतरी तिसरा शोधतच असतं.

स्ट्रिप द विलो मात्र समजून घेऊनच उतरा. पुरुषांची एक रांग, बायकांची एक, चार जोड्या समोरासमोर. वरची जोडी उजव्या हाताने एकमेकांना धरून गरगर फिरते. मग बाई पुरुषांच्या रांगेतून खाली उतरत जाते: एका पुरुषाला डावा हात देऊन फेरा, लगेच मध्ये थांबलेल्या आपल्या जोडीदाराला उजवा हात देऊन फेरा, मग पुढचा पुरुष. रांग संपली की जोडीदार तसाच बायकांच्या रांगेतून, आणि शेवटी दोघं एकदमच. बोटं धरायची नाहीत. कोपराच्या खाली हात धरायचा आणि मागे रेलून वजन तोलायचं. हात घट्ट ठेवलात तर समोरचा तुम्हाला योग्य जागी पोचवतो. सैल सोडलात तर खुर्च्यांवर जाऊन आदळाल. दंडावर दुसऱ्या दिवशी निळे डाग उठतात, त्याची कुणी तक्रार करत नाही. बांगड्या, अंगठ्या आणि ओढणी घरी ठेवा. साडी नेसून जायची हौस असेल तर बसून ऐकायच्या केइलीला जा.

पायात रबरी तळव्याचे बूट नकोत, फरशीला चिकटतात. जाड स्वेटर नको, पंधरा मिनिटांत नकोसा होतो. बायकांनी पुरुषांना नाचायला विचारणं अगदी नेहमीचं आहे. ऐंशीच्या आजींनी विचारलं तर नाही म्हणू नका, त्या तुमच्यापेक्षा जास्त वेळ टिकतात. मुलंही असतातच, रात्री उशिरापर्यंत.

मध्यंतरात चहा, सँडविच, स्कोन आणि राफल. शाकाहारी असाल तर एक धोका ध्यानात ठेवा: ‘भाजीचं सूप’ बहुतेकदा मटणाच्या किंवा हॅमच्या पाण्यात शिजवलेलं असतं. ते पाणी कशाचं आहे ते नीट विचारा; ‘यात मांस आहे का’ असं विचारलं तर भलेपणाने ‘नाही’ असंच उत्तर मिळेल. राफलमध्ये बक्षीस लागलं तर टेबलापाशी जाऊन आवडेल ते उचलायचं. पहिल्या नंबराला व्हिस्की जाते, शेवटच्याला आंघोळीचे साबण उरतात. दुसऱ्यांदा नंबर लागला तर बहुतेकजण तिकीट परत टाकतात. तुम्हीही टाका.

शेवटी सगळे हात धरून मोठा गोल करतात आणि एकत्र गाणं म्हणतात. त्याच्या आधी निघून जाणं बरं दिसत नाही.

५. तिसऱ्या खेपेला काम मागा

माझ्या मते हीच खरी किल्ली आहे. दोनदा पाहुणे म्हणून जा. तिसऱ्यांदा पोहोचल्यावर सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जा आणि ‘मी कप धुवू का?’ असं विचारा. नाच करताना ज्यांनी नावही विचारलं नव्हतं त्या बायका सिंकपाशी तुमचा सगळा इतिहास काढून घेतात, आणि स्वतःचाही सांगतात. कोण कुणाची बहीण, कुठली बोट रद्द झाली, कुणाला घर भाड्याने द्यायचंय, हे सगळं तिथेच कळतं.

घरून काही करून नेलंत तर फारच उत्तम. नानकटाई पाच मिनिटांत संपते. बेसनाचे लाडू आधी संशयाने बघतात आणि मग दोन-दोन उचलतात. पण काजू, बदाम, तीळ, दूध, गहू जे काही घातलं असेल ते चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून डब्याला चिकटवा. ॲलर्जीच्या बाबतीत हॉलवाले काटेकोर असतात. डब्यावर नाव घाला. तसा तो परत येईलच, बहुधा आत काहीतरी घालून.

दारूबद्दल एक पथ्य. काही कार्यक्रमांना हॉलने बारची परवानगी काढलेली असते, काहींना आपापली बाटली आणायची असते. जाहिरातीवर लिहिलेलं नसेल तर विचारा. बार असताना पिशवीतून बाटली काढणं म्हणजे हॉलच्या गल्ल्यात हात घालण्यासारखं आहे. त्याच पैशातून छप्पर दुरुस्त होतं.

६. हिवाळ्याची बेगमी

व्हिस्ट ड्राइव्हला जरूर जा. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला व्हिस्ट दहा मिनिटांत येतं: चारजण, समोरचा भिडू, हुकूम, हात मोजायचे. फरक एवढाच की प्रत्येक डावानंतर जागा आणि भिडू बदलतात, त्यामुळे एका रात्रीत अर्ध्या गावाशी ओळख होते. गुणांचं कार्ड प्रत्येकाच्या हातात असतं आणि सर्वांत कमी गुणांनाही बक्षीस असतं. खेळताना गप्पा मारू नका; आजी-आजोबा फार मन लावून खेळतात.

बिंगो, क्विझ, विणकामाचे गट: ज्याची त्याची आवड. क्विझमध्ये स्कॉटिश फुटबॉलवर प्रश्न येतात, तेव्हा आपला काही उपयोग नसतो.

सिनेमासाठी ‘स्क्रीन मशीन’ची वाट बघायची. लॉरीतला हा फिरता सिनेमा बेटांवर आणि हायलँडमध्ये १९९८ मध्ये सुरू झाला. लॉरी मुक्कामी पोचली की तिच्या बाजू उघडतात आणि आत खुर्च्यांचं खरंखुरं चित्रपटगृह तयार होतं. काही दिवसच असते, म्हणून तारखा कळताच तिकीट काढा. बोट अडली तर सिनेमाही अडतो.

घरी बसून करण्यासारखं म्हणजे बीबीसी अल्बा. ही गॅलिक वाहिनी २००८ मध्ये सुरू झाली. इंग्रजी उपशीर्षकं असतात, लोकसंगीत आणि फुटबॉल भरपूर. दुसऱ्या दिवशी दुकानात बोलायला विषय मिळतो.

७. गॅलिक: किती शिकावं?

इंग्रजी सगळ्यांना येतं, त्यामुळे गॅलिकवाचून अडत नाही. पण चार लोक गॅलिकमध्ये बोलत असताना तुम्ही आलात की ते सभ्यपणे इंग्रजीवर येतात, आणि गप्पांतला रंग उतरतो. ‘तुम्ही बोला, मी ऐकते’ असं सांगता येण्याइतकं तरी शिका.

सुरुवातीला ‘किमर आ हा शिव’ (कसे आहात) आणि ‘ताप्पा लेव’ (धन्यवाद) एवढं पुरे. ही आदराची रूपं आहेत. वडीलधाऱ्यांना तीच वापरायची, समवयस्कांशी आणि मुलांशी वेगळी. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि लॉखमधला ख इंग्रजांपेक्षा आपल्याला कितीतरी बरा जमतो. ड्युओलिंगोवर २०१९ पासून अभ्यासक्रम आहे, पण त्याने कान तयार होत नाही. स्थानिक वर्गात नाव घाला किंवा गॅलिक गायनवृंदात जा. गाण्याचे शब्द तोंडात बसले की भाषा आपोआप सुटी होते. हे वृंद मॉड नावाच्या स्पर्धांची तयारी करतात. राष्ट्रीय मॉड १८९२ पासून भरतो, आणि त्याआधी उन्हाळ्यात बेटाबेटांचे स्थानिक मॉड होतात.

मुलं असतील तर हे आधीच माहीत असू द्या: २०२० मध्ये इथल्या कौन्सिलने पहिलीच्या प्रवेशासाठी गॅलिक माध्यम हेच गृहीत धरायचं ठरवलं; इंग्रजी माध्यम हवं असेल तर तसं सांगायचं. आमच्या ओळखीतल्या आईबापांची पहिली प्रतिक्रिया घाबरण्याची होती. पण मुलं वर्षभरात बोलायला लागतात आणि मग आईबापांची ओळख मुलांवरून होते.

उत्तरेत चर्चमधलं गॅलिक स्तोत्रगायन एकदा तरी ऐका. वाद्य नाही. एकजण ओळ सांगतो आणि सगळी मंडळी ती आपापल्या मुरक्या घेत उचलतात. लाटेवर लाट आल्यासारखं ते अंगावर येतं. साधे, अंग झाकणारे कपडे घाला, मागे बसा. टाळ्या नाहीत, फोन नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच.

८. उन्हाळा, म्हणजे जुलै

सगळं एकाच महिन्यात येतं. क्योलस या संगीत आणि गॅलिकच्या संस्थेची उन्हाळी शाळा साउथ यूइस्टमध्ये १९९६ पासून भरते: दिवसा फिडल, पाइप (बॅगपाइप), गाणं आणि नाच यांचे वर्ग, रात्री केइली. वर्गाला नाव घातलं नसेल तरी रात्रीच्या केइलीची चौकशी करा. मुलांसाठी ‘फेश’ असतात, आठवडाभर वाद्य, नाच आणि भाषा शिकवणारे. ही पद्धत १९८१ मध्ये बॅरात सुरू झाली आणि तिथून सगळीकडे पसरली. स्टॉर्नोवेचा हेब्रिडियन केल्टिक फेस्टिव्हल लुईस किल्ल्याच्या आवारात भरतो. त्यासाठी नॉर्थ यूइस्टशेजारच्या बर्नरे बेटाहून हॅरिसची बोट घ्यावी लागते, आणि त्या आठवड्यात गाडीची जागा ऐनवेळी मिळत नाही. तिकिटाआधी बोट, बोटीआधी राहायची जागा, या क्रमाने बुकिंग करा.

साउथ यूइस्टचे हायलँड खेळ ॲस्कर्निशच्या समुद्रकाठच्या कुरणावर होतात. एकीकडे लोखंडी गोळे फेकणारे, एकीकडे नाचणाऱ्या मुली, आणि कोपऱ्यात एकटा पाइपवादक परीक्षकांसमोर सावकाश चालत वाजवतोय. त्याच्यासमोरून जाऊ नका, तो स्पर्धेत आहे. छत्री नेऊ नका, वारा ती ठेवणार नाही. गुरांचे आणि मेंढ्यांचे शोही याच सुमाराला असतात. जॅम, स्कोन, विणकाम यांच्या स्पर्धा कुणालाही खुल्या असतात. शेजारणींच्या आग्रहाखातर आंब्याचं लोणचं ‘चटणी’ विभागात ठेवून बघा, परीक्षकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

९. लग्न आणि मयत

लग्नाच्या पत्रिकेत तुम्हाला पूर्ण दिवसाचं आमंत्रण आहे की फक्त संध्याकाळचं, ते नीट वाचा. संध्याकाळचं असेल तर जेवण आटोपल्यावर नाचाच्या वेळी जायचं. यात अपमान काही नाही. जेवणाला माणसं मोजलेली असतात, नाचाला अख्खं बेट असतं.

मयताला बोलावणं नसतं, जायचंच असतं. ओळख नुसती दुकानातली असली तरी तुमचं जाणं घरच्यांना पोचतं. काळे किंवा गडद कपडे. शवपेटी खांद्यावर किंवा हातांवर घेऊन चालतात आणि ठरावीक अंतराने माणसं बदलतात. कुणी खूण केली तर पुढे व्हा, नाहीतर मागून चालत राहा. उत्तरेत घरी प्रार्थना होते, दक्षिणेत जपमाळ. रस्त्यात अंत्ययात्रा दिसली तर गाडी बाजूला घेऊन थांबवा.

आणि एक पथ्य बाराही महिन्यांचं: कुणाबद्दल वाईट बोलू नका. समोरचा त्याचा मावसभाऊ असतो. आडनावावरून अंदाज बांधू नका. इथे मॅकडोनाल्ड इतके आहेत की माणसं बापाच्या, आजोबांच्या किंवा धंद्याच्या नावाने ओळखली जातात.

१०. आता तुम्ही बोलवा

दोन-तीन महिने झाले की तुमची पाळी. दिवाळी चांगला मुहूर्त आहे, कारण तेव्हा अंधार लवकर पडू लागलेला असतो आणि लोकांना बाहेर पडायला निमित्त हवं असतं. नुसतं ‘कधीतरी या’ म्हणू नका. वार आणि वेळ सांगा. तिखट कमी करा, चकल्या दुप्पट करा, चहा इथल्यासारखा कडक ठेवा. पाहुणे बूट दारातच काढतील, ते शिकवावं लागत नाही. जेवण झाल्यावर कुणीतरी गाणं म्हणेल आणि मग सगळे तुमच्याकडे बघतील. एखादं पाठ असू द्या. ओवी, भूपाळी, काहीही चालतं, दोन कडवी पुरतात. ‘मला गाता येत नाही’ हे कारण इथे कुणी मान्य करत नाही.

आपल्याकडची माणसं या बेटांना अगदीच नवीन नाहीत. पंजाबातून आलेली फेरीवाल्यांची कुटुंबं १९३० च्या दशकापासून लुईसमध्ये आहेत. त्यांची दुकानं झाली, मुलं गॅलिक बोलू लागली, आणि २०१८ मध्ये स्टॉर्नोवेत मशीदही उघडली. उलट दिशेने, भारताचा पहिला सर्व्हेयर जनरल कॉलिन मॅकेन्झी हा मूळचा स्टॉर्नोवेचा. गप्पा अडल्या तर हा विषय काढा, वयस्क मंडळींना आवडतो.

३१ डिसेंबरला दार बंद करून झोपू नका. साउथ यूइस्टमध्ये त्या संध्याकाळी मुलं पिशव्या घेऊन घरोघर फिरतात आणि दारात गॅलिकमधली लांबलचक कविता म्हणतात. ती संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. मग आत घ्यायचं आणि पिशवीत खाऊ घालायचा. बिस्किटं, चॉकलेट, संत्री घरात भरून ठेवा. मध्यरात्रीनंतर मोठी माणसं येतात, हातात बाटली घेऊन. प्रत्येकाने आणलेल्या बाटलीतला एक घोट घ्यायचा आणि आपल्या बाटलीतला द्यायचा. पीत नसाल तर आल्याचा चहा किंवा सरबत चालतं, पण ग्लास हातात हवा. पहाटे तीनला दार वाजलं तरी दचकू नका. १ तारखेला सुट्टीच असते, आणि स्कॉटलंडमध्ये २ तारखेलाही.